पनवेल फ्लेक्शर

उत्तर कोकणातील बेसाल्टचे थर ज्या पट्ट्यात समुद्राच्या बाजूला वाकलेले आहेत, तो पट्टा. तो किनाऱ्याला साधारण समांतर, उत्तर-दक्षिण जातो, लांबी सु. १५० किमी. धरतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हेच लाव्हाथर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या परिसरात त्यांची नती (आडव्या पातळीशी होणारा कोन) वाढत जाऊन काही ठिकाणी ४० अंशांपर्यंत पोचते. मुंबई व साष्टी येथील थरांचा पश्चिमेकडील कल याच रचनेचा भाग होय.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे (स्थापना १८५१) विल्यम ब्लॅनफर्ड यांच्या १८६७ च्या लेखनात या कलाचा उल्लेख येतो. त्याच खात्यातील जे. बी. ऑडन यांनी पश्चिम भारतातील भित्तींवरील १९४९ च्या लेखात त्याची चर्चा केली. लाव्हारस भेगांत गोठून झालेल्या अशा भित्ती अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी सहज पाहता येतात.

उत्पत्तीबद्दल एकमत नाही. किनाऱ्यालगतचे भूकवच खचले आणि थर न तुटता वाकले, असे जुने मत होते. भूवैज्ञानिक देसाई व बर्ट्रांड यांनी १९९५ मध्ये ही रचना कवच ताणले गेल्याने झालेल्या विभंगांची (खडक तुटून ज्यांवरून सरकतो अशा भेगांची) असल्याचे मांडले. हेतु शेठ यांनी १९९८ मध्ये वक्र विभंगाची उपपत्ती दिली. असा विभंग खोलीबरोबर सपाट होत जातो. त्यावरून खडक घसरला की थर विभंगाकडेच झुकतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्यास नुसती वाक दिसते. ताणाचा पुरावा पाहता विभंगाचे मत अधिक सयुक्तिक वाटते. कालनिश्चितीही याच्याशी निगडित आहे. दख्खनचा मुख्य लाव्हा सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मुंबईच्या पश्चिम भागातील काही खडक मात्र सु. ६.२५ कोटी वर्षांपूर्वीचे असून तेही कललेले आहेत. तेव्हा कलण्याची क्रिया, निदान तिचा काही भाग, त्यानंतरचा मानावा लागतो. सेशेल्सचा भूखंड भारतापासून अलग झाला तो काळही जवळपास हाच.

या रचनेचा आजच्या भूकंपांशी संबंध जोडताना सावधगिरी हवी. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, सु. ६.३ रिश्टर) कोकणभर जाणवला, पण तो घाटमाथ्याच्या पूर्वेचा असून जलाशयाशी निगडित मानला जातो. भातसा धरणाच्या परिसरातील १९८३ चे धक्केही त्याच वर्गातले. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीच्या लोकांनी थंडीत रात्री घराबाहेर काढल्या. तेथे जवळ मोठा जलाशय नसल्याने पावसाचे पाणी भेगांत मुरून खडकातील दाब वाढत असावा, असे एक मत आहे.

मे १६१८ मध्ये मुंबई-वसई भागात भूकंपाने सु. २,००० माणसे मेल्याचे जुन्या भूकंपसूचींत आढळते. ही घटना चक्रीवादळाची असावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते. सबब धोक्याच्या गणितात ती जशीच्या तशी धरू नये.

वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंतची गरम पाण्याची कुंडेही किनाऱ्याला समांतर रांगेत आहेत. ती खोल भेगांची निदर्शक मानतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यांवरील (सपाट माथ्यांवरील) जाड जांभ्याखाली मूळ थर झाकले गेल्याने तेथे नती मोजणे अवघड जाते.