यान तुम्ही बांधा, हिशेब न्यूटन तपासेल

प्रागमधल्या कीन सॉफ्टवेअर हाउस या कंपनीने ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘स्पेस इंजिनियर्स’ हा खेळ अर्धवट अवस्थेतच लोकांच्या हाती दिला. पूर्ण खेळ यायला २०१९ उजाडलं. या खेळात तयार यान मिळत नाही. लघुग्रह पोखरून खनिज काढायचं, त्याचे पत्रे आणि सुटे भाग करायचे आणि ठोकळ्यावर ठोकळा रचत स्वतःचं यान उभं करायचं. मोठ्या यानाचा ठोकळा अडीच मीटरचा, छोट्याचा अर्ध्या मीटरचा. मग एकाच सर्व्हरवर जमलेले खेळाडू आपापली यानं घेऊन एकमेकांवर तुटून पडतात.

लढाईचे खेळ म्हटले की पालकांच्या कपाळावर आठी पडते, हे मला माहीत आहे. तरीही माझं ठाम मत आहे की यांत्रिकी शिकायला याच्याइतकी चांगली प्रयोगशाळा शाळेत क्वचितच मिळते. खेळ जिथे भौतिकशास्त्राला धरून चालतो तिथे तो शिकवतोच. जिथे सवलत घेतो तिथे ती का घेतली हे शोधताना त्याहून जास्त शिकायला मिळतं.

सुरुवात ब्रेकपासून करू. नवखा खेळाडू सगळे मोठे थ्रस्टर, म्हणजे यानाला रेटा देणारी इंजिनं, मागच्या बाजूला लावतो आणि सुसाट निघतो. समोर लघुग्रह दिसला की थांबायचं असतं, पण अवकाशात घर्षण नाही. वेग कमी करायचा तर उलट दिशेने तेवढाच रेटा द्यावा लागतो आणि तो देणारे थ्रस्टर नाकाशी लावलेलेच नसतात. यान आदळतं. पुढच्या खेपेला तोच खेळाडू सहाही बाजूंना थ्रस्टर लावतो, किंवा यान गर्रकन उलटं फिरवून मागचंच इंजिन ब्रेक म्हणून वापरतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर याच पद्धतीने उतरला. तीस किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर होता आणि इंजिनांचा झोत प्रवासाच्या दिशेने सोडून तो वेग मारला गेला. हवा नसलेल्या ठिकाणी दुसरा इलाजच नाही.

मुरलेले खेळाडू यापुढे जातात. खेळात आपोआप वेग मारणारी ‘डॅम्पनर’ नावाची सोय आहे. ते ती बंद करतात. यान एका दिशेला वाहत राहतं आणि नाक मात्र हवं तिकडे वळवता येतं. पाठलाग करणाऱ्यापासून दूर जात असतानाच तोंड त्याच्याकडे फिरवायचं आणि तोफा डागायच्या. विमानाला हे जमत नाही, कारण त्याला हवेच्या आधाराने उडायचं असतं. न्यूटनचा पहिला नियम असा एकदा हाताला कळला की पुस्तकातलं वाक्य वेगळ्याच अर्थाने वाचलं जातं.

दुसरा धडा आकाराचा. प्रत्येकाला कधी ना कधी अजस्र युद्धनौका बांधायची असते. समजा, यानाची लांबी, रुंदी, उंची सगळं दुप्पट केलं. वस्तुमान आठपट होतं, पण थ्रस्टर लावायला मिळणारी मागची भिंत फक्त चौपट. म्हणजे त्वरण निम्म्यावर. वळण्याचं गणित आणखी कठोर आहे. जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवताना वस्तू करते तो विरोध, वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग या प्रमाणात वाढतं, म्हणजे बत्तीसपट. पोटात यान फिरवणारे जायरोस्कोप आठपट भरले तरी वळण्याचं त्वरण पूर्वीच्या चौथाईवर येतं. अवाढव्य जहाज सुस्त का आणि चिमुकलं लढाऊ यान चपळ का, याचं उत्तर भूमितीत आहे.

चिलखताचा हिशेब तर कागदावर करून बघण्यासारखा आहे. दहा बाय दहा बाय दहा ठोकळ्यांची पोकळ पेटी घ्या. बाहेरच्या कवचाला ४८८ ठोकळे लागतात. हलक्या चिलखताचा ठोकळा ५०० किलोचा, जड चिलखताचा ३,३०० किलोचा. म्हणजे हलकं कवच २४४ टनांचं आणि जड कवच १,६१० टनांचं. मोठ्या यानाच्या मोठ्या आयन थ्रस्टरचा रेटा ४.३२ मेगान्यूटन. फक्त कवचाचंच वजन धरलं तरी एका थ्रस्टरवर सेकंदाला शंभर मीटरचा वेग गाठायला हलक्या पेटीला साडेपाच-सहा सेकंद पुरतात, जड पेटीला सदतीस. लढाईत सदतीस सेकंद म्हणजे मरण. त्यामुळे चांगले खेळाडू जड चिलखत सगळीकडे थापत नाहीत. अणुभट्टी आणि चालकाची जागा जिथे असेल तिथेच ते लावतात. (जाता जाता: तो ‘जड’ ठोकळा अडीच मीटरचा घन असूनही घनमीटरला जेमतेम २११ किलो भरतो. पाण्यात टाकला तर तरंगेल. पोलादाची घनता साडेसात हजारांच्या वर असते.)

आता सवलतींकडे येऊ. तो आयन थ्रस्टर ३३.६ मेगावॅट वीज घेऊन ४.३२ मेगान्यूटन रेटा देतो आणि इंधन म्हणून काहीच खात नाही. खरे आयन थ्रस्टर विजेच्या जोरावर झेनॉनसारख्या वायूचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, प्रचंड वेगाने मागे फेकतात. २००७ मध्ये निघालेल्या आणि पुढे लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या व्हेस्टा व सेरेस या दोघांनाही प्रदक्षिणा घालणाऱ्या नासाच्या ‘डॉन’ यानाचा थ्रस्टर सुमारे २.३ किलोवॅट घेऊन ०.०९ न्यूटन रेटा द्यायचा. तळहातावर ए-४ आकाराचे दोन कागद ठेवले तर जेवढा भार जाणवेल तेवढा. याच दराने खेळातला रेटा काढायचा तर साधारण ११० गिगावॅट वीज लागेल, म्हणजे कोयनेसारखे पन्नासहून अधिक प्रकल्प एका थ्रस्टरमागे. ही सवलत मला मान्य आहे. खऱ्या आयन इंजिनाने वेग घ्यायला महिनोन् महिने लागतात, तेवढा वेळ लढाईत कोण थांबणार?

माझी सर्वात आवडती सवलत मात्र खेळाडूंनीच शोधून काढलेली आहे. यानात माणसांना उभं राहता यावं म्हणून खेळात गुरुत्व जनरेटर आहे आणि त्याच्या क्षेत्रात ओढला जाणारा ‘कृत्रिम वस्तुमान’ नावाचा ठोकळाही आहे. खेळाडूंनी हे दोन्ही एकाच यानात बसवले. जनरेटर ठोकळ्याला पुढे ओढतो, ठोकळा यानाला घट्ट जोडलेला, म्हणून यान पुढे निघतं. इंधन नाही, झोत नाही, शत्रूने फोडावा असा बाहेर डोकावणारा थ्रस्टरही नाही. याला ते ग्रॅव्हिटी ड्राइव्ह म्हणतात आणि स्पर्धेच्या यानांत तो हमखास आढळतो.

खऱ्या जगात हे चालणार नाही, कारण ठोकळा जितक्या जोराने पुढे ओढला जाईल तितक्याच जोराने जनरेटर मागे ओढला जाईल. दोघेही एकाच यानाचे भाग, बेरीज शून्य. खेळाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र क्षेत्रात सापडलेल्या वस्तूला बल लावलं जातं आणि बल लावणाऱ्याच्या खात्यावर काहीच नोंद होत नाही. तिसरा नियम असा एका न लिहिलेल्या ओळीमुळे मोडतो. अशाच इंजिनाचा दावा खऱ्या जगातही झाला होता. ‘एमड्राइव्ह’ नावाच्या बंद धातूच्या डब्यात सूक्ष्मलहरी कोंडल्या की रेटा मिळतो, असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं. जर्मनीत ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात मार्टिन टायमर यांच्या गटाने अतिशय काटेकोर मोजणी करून २०२१ मध्ये दाखवून दिलं की रेटा वगैरे काही नाही. आधी दिसलेला परिणाम मोजणीच्या मांडणीतून आलेला होता. निसर्ग संवेगाची (वस्तुमान गुणिले वेग) नोंद करायला कधीच विसरत नाही. ग्रॅव्हिटी ड्राइव्ह बांधलेल्या मुलाला हा फरक समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात, कारण ‘यान का हललं’ हा प्रश्न त्याच्या डोक्यात आधीच असतो.

ग्रहांची गंमत वेगळी. खेळातल्या पृथ्वीसारख्या ग्रहाचा व्यास १२० किलोमीटर, तरी पृष्ठभागावर गुरुत्व पूर्ण १ जी, म्हणजे खऱ्या पृथ्वीइतकं. वर जाताना ते अंतराच्या वर्गाने कमी व्हायला हवं. इथे ते सातव्या घाताने कमी होतं आणि सुमारे चाळीस किलोमीटरांतच संपतं. अशा ग्रहाभोवती जमिनीलगत फिरायचं तर सेकंदाला सुमारे ७६७ मीटर वेग हवा. खेळाची वेगमर्यादा आहे सेकंदाला १०० मीटर. म्हणजे कक्षा ही गोष्टच इथे नाही. मर्यादा उठवली तरी उपयोग नव्हता, कारण बल अंतराच्या तिसऱ्या किंवा त्याहून वरच्या घाताने घटत असेल तर वर्तुळाकार कक्षा टिकत नाही; जराशा धक्क्याने यान आत कोसळतं किंवा बाहेर निसटतं. खरं गुरुत्व वर्गाच्या नियमाने चालतं म्हणून चंद्र जागेवर आहे. कक्षेचं शास्त्र हवं असेल तर मेक्सिकोतल्या ‘स्क्वॉड’ कंपनीचा ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ खेळावा; तो मुळात एकट्याने खेळायचा आहे आणि लढाई हा त्याचा विषय नाही.

पण शंभर मीटरचीच मर्यादा का? इथून पुढची गोष्ट संगणकाची आहे. खेळाचं जग सलग वाहत नाही, ते सेकंदाला साठ टप्प्यांत पुढे सरकतं. १०० मीटर वेगाने एका टप्प्यात यान १.६७ मीटर जातं, म्हणजे मोठ्या ठोकळ्यापेक्षा कमी. ते भिंतीला भिडलं तर कुठल्यातरी टप्प्यात भिंतीत शिरलेलं सापडतं आणि टक्कर मोजता येते. आता आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा खरा वेग घ्या, सेकंदाला ७.६६ किलोमीटर. एका टप्प्यात ते १२८ मीटर पुढे जाईल. स्थानकाची स्वतःची लांबी १०९ मीटर. म्हणजे आधीच्या टप्प्यात समोर असलेलं यान पुढच्या टप्प्यात मागे पडलेलं असेल आणि संगणकाच्या लेखी दोघांची गाठच पडलेली नसेल. दोन टप्प्यांमधला मार्ग तपासणाऱ्या पद्धती आहेत, पण हजारो ठोकळ्यांच्या यानांसाठी त्या फार महाग पडतात.

ही ओढाताण पहिल्यापासूनची आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर!’ हा दोघांचा अवकाशयुद्धाचा खेळ तयार केला. मध्ये एक तारा, त्याच्या गुरुत्वाने दोन्ही यानं ओढली जायची. टॉर्पेडो मात्र सरळ रेषेत जायचे, कारण त्यांचंही गुरुत्व मोजण्याइतका दम त्या यंत्रात नव्हता. सेकंदाला साधारण एक लाख बेरजा, एवढीच त्याची ताकद.

अनेक खेळाडू आले की अंतर हाही शत्रू होतो. मुंबईतला खेळाडू फ्रँकफर्टच्या सर्व्हरवर खेळत असेल तर सरळ अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन ६५ मिलिसेकंद तर निसर्गच घेतो. समुद्रातल्या केबलचे वळसे आणि मधली यंत्रं धरून पिंग, म्हणजे जाऊन येऊन लागणारा एकूण वेळ, १३० मिलिसेकंद झाला असं समजू. समोरासमोर येणाऱ्या दोन यानांचा सापेक्ष वेग सेकंदाला २०० मीटर. तेवढ्या वेळात त्यांच्यातलं अंतर २६ मीटरने बदलतं. आपली ती दहा ठोकळ्यांची पेटी २५ मीटरची होती. पडद्यावर दिसणारं यान प्रत्यक्षात अख्ख्या यानाइतकं सरकलेलं असू शकतं.

यावर उपाय म्हणजे अंदाज. शेवटची जागा आणि वेग ठाऊक असेल तर आत्ता यान कुठे असेल ते तुमचा संगणक स्वतःच काढून दाखवतो आणि खरी बातमी आली की दुरुस्ती करतो. इथे न्यूटन मदतीला येतो, हे मला फार सुंदर वाटतं. फुटबॉलपटू कुठल्याही क्षणी वळू शकतो, पण थ्रस्टर बंद असलेलं यान सरळच जाणार, त्यामुळे त्याचा अंदाज जवळजवळ अचूक येतो. चुकतो तो थ्रस्टर पेटवणाऱ्याबद्दल, म्हणून सतत डावी-उजवीकडे झोके घेणाऱ्या यानावर नेम धरणं लांबच्या खेळाडूला दुप्पट जड जातं.

सर्व्हर दमला की काळच मंदावतो. ‘ईव्ह ऑनलाइन’ या आइसलँडमधल्या कंपनीच्या खेळात जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी नावाच्या ताराप्रणालीत साडेसात हजारांहून अधिक खेळाडूंची लढाई झाली. तेव्हा सर्व्हरने घड्याळ दहा टक्क्यांवर आणलं होतं आणि लढाई वीस तासांहून जास्त चालली.

गणना महाग आहे म्हणून इतक्या सवलती, हे समजू शकतं. एका गोष्टीला मात्र गणनेचा खर्च जवळजवळ नाही आणि तरी ती या खेळात नाही: उष्णता. खेळातली मोठी अणुभट्टी ३०० मेगावॅट वीज देते. आजच्या अणुवीज केंद्रांत उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होतो, म्हणजे ६०० मेगावॅट उष्णता बाहेर टाकावी लागेल. निर्वात पोकळीत ती वाहून न्यायला ना हवा ना पाणी, फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, जाऊ द्यायची. अवकाश स्थानकाचे अमोनियाचे मोठे रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी पसरट पानं, जेमतेम ७० किलोवॅट टाकतात. आपल्या भट्टीसाठी रेडिएटर सुमारे ७३० अंश सेल्सिअसपर्यंत, लालबुंद होईपर्यंत तापवला आणि दोन्ही बाजूंनी प्रारण होऊ दिलं, तरी त्र्याहत्तर मीटर बाजूचा चौरस लागेल. पंचवीस मीटरच्या पेटीला त्र्याहत्तर मीटरचं पान!

प्रत्येक यानामागे एक तापमानाचा आकडा, एवढंच साठवायचं आहे. पण त्याने यानांचं रूप पालटेल. जड चिलखतात गुंडाळलेली पेटी स्वतःच्याच उष्णतेत शिजून निघेल. रेडिएटर पातळ आणि नाजूक असतो, म्हणून लढाईत त्याची धार शत्रूकडे आणि पसरट बाजू दुसरीकडे ठेवावी लागेल. शत्रू बाजूने येऊन तेच पान फोडायला बघेल आणि ते फुटलं की भट्टी विझवावी लागेल. ग्रॅव्हिटी ड्राइव्ह शोधून काढणाऱ्या खेळाडूंच्या हाती हा नियम कुणी दिला तर ते काय बांधतील, हे मला मनापासून बघायचं आहे.