टाकी लहान तर मासाही लहानच राहतो?

"मासा टाकीच्या मापानेच वाढतो" हे फॉरवर्ड बरंच जुनं आहे, आणि लहान टाकीत मासे बारके राहिलेले दिसतात म्हणून पटतंही. पण ती ॲडजस्टमेंट नसते, खराब पाण्याने आणि दाटीने वाढ खुंटलेली असते, त्यात आयुष्यही कमी होतं.

तीन फुटी टाकीत शो म्हणून दुकानातला तीन इंची 'शार्क' आणतात ना, तो खरं तर पंगस, तोच जो बाजारात बासा म्हणून कापून मिळतो 😅 आणि तो मीटरभराच्या वर जाऊ शकतो, म्हणजे टाकीपेक्षा लांब!

खात्री करायची तर दुकानदाराला शास्त्रीय नाव विचारा, पूर्ण वाढीची लांबी सर्च करा आणि टाकीशी ताडून बघा. वेगळंच काही हवं असेल तर बांबू श्रिंप (एक प्रकारची कोळंबी) बघा, दोन-तीन इंची, पुढच्या पायांवरच्या पंख्यासारख्या केसांनी वाहत्या पाण्यातलं खाणं गाळून खातो.