विंडो कुठं उघडायची हे ठरवतं कोण?

अंबडला आमच्या ऑफिसात जवळपास प्रत्येक टेबलावर दोन मॉनिटर, एकावर ड्रॉइंग आणि दुसऱ्यावर एक्सेल नाहीतर मेल, आणि सकाळी चहा यायच्या आत कुणीतरी वैतागून म्हणतंच की अरे काल तर ही विंडो उजवीकडं लावून गेलो होतो, आज परत डावीकडं कशी काय. मी आधी सेटिंग शोधून द्यायचो. मग एकदा खोलात गेलो तर कळलं की ही भानगड बरीच जुनी आहे आणि मुळात विंडोची जागा ठरवायचा हक्क कुणा एकाकडं कधी नव्हताच.

दोन स्क्रीन ही काही आजची चैन नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीत एमडीए आणि सीजीए अशी स्क्रीन चालवणारी दोन कार्डं एकत्र बसायची, पहिलं नुसत्या अक्षरांचं, दुसरं रंगीत, आणि दोघांची मेमरी वेगवेगळ्या पत्त्यावर असल्यामुळं भांडण नाही. लोटस १-२-३ (एक्सेलसारखाच तेव्हाचा प्रोग्रॅम) वाले आकडे एका स्क्रीनवर नि ग्राफ दुसऱ्यावर बघायचे, प्रोग्रॅमर लोक एकीकडं प्रोग्रॅम चालवून दुसरीकडं डीबगर, म्हणजे चुका शोधायचं टूल, ठेवायचे. तेव्हा विंडोच नव्हत्या, प्रोग्रॅम म्हणेल ती पूर्व. १९८७ च्या मॅकिंटॉश टू मधे मात्र खरी मजा आली, सहा स्लॉट, त्यात जास्तीची व्हिडिओ कार्डं घाला आणि सगळे मॉनिटर मिळून एकच मोठं टेबल, विंडो एका स्क्रीनवरून ओढत दुसऱ्यावर न्या.

मायक्रोसॉफ्टकडं हे यायला वेळ लागला. विंडोज १.० मधे (१९८५) तर विंडो एकमेकींवर चढतच नव्हत्या, फरशा बसवल्यासारख्या शेजारी शेजारी. एकावर एक ठेवता यायला लागल्या १९८७ च्या २.० पासून, आणि मग जागेचा प्रश्न आला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापुढं दोन रस्ते होते: एक्स (आडवं अंतर) आणि वाय (उभं अंतर) चे आकडे स्वतः द्यायचे, नाहीतर सिस्टीमला सांगायचं की बाई तूच ठरव, मग ती प्रत्येक नवी विंडो आधीच्यापेक्षा जरा खाली, जरा उजवीकडं ठेवते. बंद करताना जागा लिहून ठेवायची का, हेही प्रोग्रॅमवरच सोडलेलं, कुणी आयएनआय नावाच्या सेटिंगच्या फाइलमधे लिहायचा, कुणी पुढं रजिस्ट्रीत (विंडोजची सगळी सेटिंग ठेवायची वही), कुणी लिहायचाच नाही.

हे सगळं एका स्क्रीनचा हिशोब धरून झालं होतं हो. विंडोज ९८ ने नऊपर्यंत मॉनिटर चालतील म्हटलं आणि तिथं गणित फिरलं, कारण शून्य-शून्य हा बिंदू प्रायमरी म्हणजे मुख्य मॉनिटरच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पक्का, म्हणजे दुसरा मॉनिटर डावीकडं ठेवला की तिथले एक्सचे आकडे मायनस. जुने काही प्रोग्रॅम मायनस दिसला की चुकीचा आकडा समजून विंडो परत प्रायमरीवर आणून टाकायचे. आमच्याकडं एक सॉफ्टवेअर आहे, नाव नको, ते अजून हेच करतं, म्हणून त्या टेबलावरचा दुसरा मॉनिटर आम्ही मुकाट्यानं उजवीकडं सरकवला. आणि उलटा प्रकार म्हणजे मॉनिटर काढून नेला तरी प्रोग्रॅम जुनीच जागा धरून बसतो, विंडो उघडते पण दिसत नाही, मग ऑल्ट स्पेस, एम आणि ॲरो दाबत तिला शोधून आणायचं.

युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर विंडो दाखवायचं काम एक्स विंडो करायची, तिथं गंमत वेगळी. तिथं कमांड देतानाच जागा सांगता यायची, आणि मायनसचा अर्थ उजव्या किंवा खालच्या कडेपासून मोजा असा. पण विंडोंची मांडणी करणारा विंडो मॅनेजर हा वेगळाच गडी, त्याला पटलं तर ऐकणार. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडनं तर (२००८ पासून) प्रोग्रॅमच्या हातातून हे काढूनच घेतलं, साधी विंडो स्क्रीनवर कुठं आहे हे तिलाच कळत नाही, सगळं कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो मिळून स्क्रीन रंगवणारा प्रोग्रॅम, ठरवतो. मला वैयक्तिक हे बरोबर वाटतं, पण सहा विंडो ठरल्या जागी उघडणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला विचारा, तो शिव्याच देईल.

विंडोजवर मधल्या काळात अल्ट्रामॉन, डिस्प्लेफ्यूजन असली जास्तीचे मॉनिटर सांभाळायची बाहेरची टूल आली. २००९ मधे विंडोज ७ ने कीबोर्डवरची विंडोज, शिफ्ट आणि ॲरो ही बटणं एकत्र दाबायची सोय दिली, एका झटक्यात विंडो पलीकडच्या मॉनिटरवर. डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायची नवी वायर) आल्यावर नवीनच डोकेदुखी, काही मॉनिटर नुसते बंद केले तरी सिस्टीमला वाटतं वायरच काढली, मग सगळ्या विंडो उरलेल्या स्क्रीनवर गर्दी करतात. जेवायला जाताना मॉनिटर बंद करायची चांगली सवय असलेल्यांचेच हाल. विंडोज ११ मधे शेवटी मॉनिटर परत जोडला की विंडोंची जागा आठवायचं सेटिंग आलं, डिस्प्लेच्या पानावर आहे, चालू आहे का तेवढं बघून घ्या. पण प्रोग्रॅम नव्यानं उघडताना त्यानं स्वतःचेच आकडे दिले तर हे सेटिंग काही करू शकत नाही, म्हणून आमच्या त्या टेबलावरच्या मॉनिटरला विंडोज-शिफ्ट-ॲरो असं लिहिलेली चिठ्ठी अजून चिकटवलेली आहे.