उठवण्यातून उठणं: स्पॅनिशमधला ‘से’

स्पॅनिश शिकायला लागलेला माणूस पहिल्याच तासाला ‘मे यामो अमुक’ म्हणायला शिकतो. अर्थ, ‘माझं नाव अमुक’. गंमत अशी की या वाक्यात ‘नाव’ हा शब्दच नाही. ‘यामार’ म्हणजे बोलावणं, हाक मारणं. ‘यामार्से’ म्हणजे स्वतःला अमुक म्हणवणं. आत्मवाचक क्रियापद, म्हणजे ‘से’ जोडलेलं, ‘स्वतः’कडे वळणारं क्रियापद, असं पहिल्याच वाक्यात दारात उभं असतं, पण त्याच्या रूपांचं रीतसर कोष्टक बऱ्याच धड्यांनंतर येतं. तोवर ते वाक्य पाठ करून निभावलेलं असतं, आणि कोष्टक आलं की विद्यार्थी गोंधळतात. माझ्या मते गोंधळ कोष्टकात नाहीच. कोष्टक अगदी सरळ आहे. अवघड आहे ते हे समजणं की ही क्रियापदं मुळात असतातच कशाला. आणि तिथे मराठी माणसाच्या हाती एक चांगली किल्ली आहे, जी इंग्रजीमार्फत शिकताना हरवून जाते.

आधी कोष्टक उरकून घेऊ. शब्दकोशात क्रियापदाच्या शेवटी ‘से’ दिसला की तो सुटा करायचा, पुरुषाप्रमाणे बदलायचा आणि क्रियापदाच्या आधी ठेवायचा. ‘लावार्से’ म्हणजे हातपाय, अंग धुणं. मी: मे लावो. तू: ते लावास. तो किंवा ती: से लावा. आम्ही: नोस लावामोस. तुम्ही सगळे: ओस लावाइस. ते: से लावान. (इथला ‘व’ स्पॅनिशमध्ये ‘ब’कडे झुकतो, पण लिहिताना मी ‘व’च ठेवतो आहे.) क्रियापदाचं स्वतःचं रूप जसं एरवी चालतं तसंच इथेही चालतं. ‘आकोस्तार्से’, म्हणजे निजणं, यात ‘मे आकुएस्तो’ असा स्वर फुटतो आणि ‘नोस आकोस्तामोस’मध्ये फुटत नाही, पण त्याचा ‘से’शी काही संबंध नाही, आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, त्या स्वरावर पडला की ‘ओ’चा ‘उए’ होतो, एवढंच.

एक चूक जवळजवळ प्रत्येकाची होते. ‘मी उठणार आहे’ म्हणताना लोक ‘वोय आ लेवान्तार्से’ म्हणतात, कारण शब्दकोशात तसंच पाहिलेलं असतं. पण क्रियापद मूळ रूपात असलं तरी सर्वनामाने कर्त्याचा पुरुष सोडायचा नाही. म्हणून ‘वोय आ लेवान्तार्मे’, किंवा सर्वनाम पुढे आणून ‘मे वोय आ लेवान्तार’. दोन्ही बरोबर. मधल्या फटीत मात्र ते बसत नाही.

आता या कोष्टकाकडे जरा नीट पाहिलं तर एक गोष्ट खटकायला हवी. ‘मे, ते, नोस, ओस’ ही तर नेहमीचीच कर्माची सर्वनामं आहेत. ‘मला, तुला, आम्हाला, तुम्हाला’ म्हणायलाही हीच वापरतात. वेगळं खास रूप आहे ते फक्त तृतीय पुरुषात, ‘से’, आणि तेही एकवचन-अनेकवचन न पाहता. असं का? कारण बाकीच्या ठिकाणी खास रूपाची गरजच नाही. ‘मी मला पाहतो’ म्हटल्यावर दोन्ही ‘मी’ एकच आहेत यात शंका राहत नाही. पण ‘तो त्याला पाहतो’ म्हटलं की प्रश्न उभा राहतो: स्वतःला, की दुसऱ्या कुणाला? तो प्रश्न मिटवायला ‘से’ आहे. ‘लो वे’ म्हणजे दुसऱ्याला पाहतो, ‘से वे’ म्हणजे स्वतःला पाहतो. ही काटकसर लॅटिनपासून चालत आली आहे; लॅटिनमध्येही ‘से’ फक्त तृतीय पुरुषाचा होता. रशियनने उलट मार्ग धरला. तिथे त्याच कुळातलं सर्वनाम ‘स्या’ होऊन क्रियापदाच्या शेपटीला कायमचं चिकटलं आणि मी, तू, तो सगळ्यांना तेच चालू लागलं. आपल्या संस्कृतातला ‘स्व’ हाही याच घराण्यातला, त्यामुळे आपला ‘स्वतः’ आणि स्पॅनिशचा ‘से’ दूरचे भाऊबंद आहेत.

आज्ञार्थात सर्वनाम पुढून मागे जातं आणि शब्दात मिसळतं: ‘लेवान्ताते’, ऊठ. नकारार्थी आज्ञेत परत पुढे येतं: ‘नो ते लेवान्तेस’, उठू नकोस. या सांध्यावर काही अक्षरं गळतात. ‘सेन्तेमोस’ला ‘नोस’ जोडताना ‘स’ जातो आणि ‘सेन्तेमोनोस’ होतं, आपण बसू या. स्पेनमध्ये ‘सेन्ताद’ला ‘ओस’ जोडताना ‘द’ जातो: ‘सेन्ताओस’, बसा सगळे. फक्त ‘इर्से’ या क्रियापदात हा ‘द’ टिकतो, ‘इदोस’, म्हणजे निघा. पण असं म्हणतं कोण? बोलताना सुशिक्षित लोकही ‘इरोस’ म्हणत होते, आणि 2017 साली स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीने तेही रूप मान्य केलं. अर्जेंटिनात आणखी वेगळं. तिथे ‘तू’साठी ‘वोस’ म्हणतात, पण सोबतचं सर्वनाम जुनंच राहिलं: ‘वोस ते लावास’. कर्ता एका पिढीचा, सर्वनाम दुसऱ्या पिढीचं, आणि क्रियापदाचा आघात शेवटच्या ‘वास’वर. दक्षिण अमेरिकेत ‘ओस’ तर उरलाच नाही. ‘तुम्ही सगळे’ला ‘उस्तेदेस’ म्हणतात आणि त्यालाही ‘से’च लागतो.

आता मुख्य मुद्दा. ‘आत्मवाचक’ हे नाव ऐकून वाटतं की क्रिया स्वतःवरच होते, आरशात पाहावं तशी. ‘से वे’च्या बाबतीत ते खरं आहे. पण उठणं, बसणं, निजणं, जागं होणं यांत कोण कुणाला काय करतं? उठताना आपण स्वतःला उचलतो असं कुणालाच वाटत नाही. इथे मराठी क्रियापदांच्या जोड्या शेजारी ठेवून पाहा. मराठीत उठणे हे मूळ आणि उठवणे हे त्यावर ‘व’ चढवून केलेलं. बसणे, बसवणे. निजणे, निजवणे. सुकणे, सुकवणे. आपण आपोआप होणाऱ्या क्रियेपासून सुरुवात करतो आणि ती कुणी घडवून आणली की ‘व’ लावतो. स्पॅनिशमध्ये नेमकं उलट. तिथे उठवणे हे मूळ: ‘लेवान्तार’. बसवणे मूळ: ‘सेन्तार’. निजवणे मूळ: ‘आकोस्तार’. सुकवणे मूळ: ‘सेकार’. त्यातला करवून घेणारा काढून टाकायचा असला की ‘से’ लावायचा: लेवान्तार्से, सेन्तार्से, आकोस्तार्से, सेकार्से. आपला ‘व’ कर्ता वाढवतो, त्यांचा ‘से’ कर्ता कमी करतो.

हे एकदा लक्षात आलं की ‘मी सात वाजता लेवान्तो’ असं बोलणाऱ्याकडे माद्रिदचा माणूस थांबून का पाहतो ते कळतं. त्याच्या कानावर पडलेलं असतं ‘मी सात वाजता उचलतो’ किंवा ‘मी सात वाजता उठवतो’, आणि तो वाट पाहत असतो: काय? कुणाला? ‘मे’ गळला की वाक्यात एक कर्म येणं बाकी राहतं.

हा केवळ दोन भाषांचा योगायोग नाही. मार्टिन हास्पेलमाथ या जर्मन भाषावैज्ञानिकाने 1993 साली 21 भाषांमधल्या अशा 31 क्रियापद-जोड्या तपासल्या. युरोपातल्या भाषा आपोआप होणाऱ्या क्रियेवर खूण लावण्याकडे झुकतात, स्पॅनिशच्या ‘से’सारखी, इतरत्र घडवून आणण्यावर खूण लावण्याकडे कल अधिक दिसतो. पण त्याहून सुंदर निरीक्षण वेगळंच होतं. सगळ्या भाषांना मिळून पाहिलं तर उकळणं, गोठणं, सुकणं अशा क्रियांत खूण बहुधा ‘घडवून आणण्या’च्या बाजूला पडते, आणि उघडणं, बंद होणं, मोडणं, चिरणं अशा क्रियांत ती ‘आपोआप होण्या’च्या बाजूला पडते. कारण समजायला सोपं आहे. डबकं आपलं आपण सुकतं, दार मात्र कुणीतरी उघडतं. जे अपेक्षेप्रमाणे घडतं त्याला साधा शब्द पुरतो, जे अपेक्षेबाहेर घडतं त्याला जास्तीचं अक्षर लागतं. स्पॅनिशचा स्वभाव ‘से’ लावण्याचा असूनही पाणी उकळायला तिला ‘से’ लागत नाही: ‘एल आग्वा इएर्वे’, पाणी उकळतं. दार मात्र ‘से आब्रे’.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना इथे आत्मनेपद आठवेल, आणि ते बरोबरच आहे. ‘स्वरितञितः कर्त्रभिप्राये क्रियाफले’ असं पाणिनीचं सूत्र आहे: क्रियेचं फळ कर्त्याकडे जात असेल तर काही ठरावीक धातूंना आत्मनेपदाचे प्रत्यय लागतात. यजमान स्वतःसाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजते’, पुरोहित दुसऱ्यासाठी करतो तेव्हा ‘यजति’. क्रिया दोघांची एकच. फरक तिचं फळ कुणाच्या पदरात पडतं त्याचा. ‘मे लावो लास मानोस’, मी हात धुतो, या स्पॅनिश वाक्यात ‘माझे’ हात असं म्हणायची गरज पडत नाही ती याचमुळे. धुण्याचं फळ माझ्याकडे आलं हे ‘मे’ने सांगून झालं, मग हात कुणाचे हे वेगळं कशाला सांगायचं? ही व्यवस्था स्पॅनिशला वारशात मिळालेली नाही. आत्मनेपदासारखे जुने प्रत्यय लॅटिनपर्यंत येता येता पार बदलले, लॅटिनने जे नवे घडवले तेही पुढे बोलभाषेत गळाले, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर हा एवढासा ‘से’ येऊन बसला. दुकानावरचं ‘से आब्ला एस्पान्योल’, इथे स्पॅनिश बोलतात, आणि घरावरचं ‘से वेन्दे’, विकणे आहे, ही पाटी म्हणजे त्याच रिकाम्या जागेत भरलेला कर्मणी प्रयोग. कोण बोलतं, कोण विकतं, ते सांगायचंच नाही.

आणि मग येतं माझ्या मते या भाषेतलं सर्वात जिवंत वाक्य: ‘से मे कायो एल वासो’. स्वयंपाकघरात हातातून ग्लास निसटला की स्पेनपासून चिलीपर्यंत लोक हेच म्हणतात. सुटं सुटं पाहू. ‘कायो’ म्हणजे पडला. ‘से’ सांगतो की तो आपणहून पडला. ‘एल वासो’ ग्लास, आणि तोच कर्ता. मी कुठे आहे? ‘मे’मध्ये, आणि तोही करणारा म्हणून नाही, तर ज्याच्या बाबतीत हे घडलं तो म्हणून. एकाहून अधिक ग्लास पडले तर क्रियापद ग्लासांच्या मागे जातं: ‘से मे कायेरोन लोस वासोस’. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘माझ्या हातून ग्लास पडला, ग्लास पडले’ हे आपण रोज बोलतो, आणि पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे यांतला फरक लहान मूलही जाणतं. ‘मी फोडला नाही, फुटला’ हे वाक्य प्रत्येक मराठी घरात ऐकू येतं. किल्ल्या घरी राहिल्या तर स्पॅनिशमध्ये ‘से मे ओल्विदारोन लास यावेस’. विसरल्या गेल्या त्या किल्ल्या, माझ्याकडून.

या वाक्यरचनेचा आपल्या आठवणीवर परिणाम होतो का, हे केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी प्रयोगाने तपासलं. त्यांचा निबंध 2011 साली आला. इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना छोट्या चित्रफिती दाखवल्या. कधी कुणी मुद्दाम फुगा फोडतो, कधी तो चुकून फुटतो. मुद्दाम घडलेल्या गोष्टी दोघांनीही ‘अमक्याने फोडला’ अशाच सांगितल्या, आणि कुणी केलं हे दोघांच्या सारखंच लक्षात राहिलं. अपघाताच्या वेळी मात्र इंग्रजी बोलणारे अधिक वेळा ‘त्याने फोडला’ म्हणाले, आणि अपघात कुणाच्या हातून झाला हे त्यांना स्पॅनिश बोलणाऱ्यांपेक्षा जास्त आठवलं. एरवीची स्मरणशक्ती दोघांची सारखीच भरली. यातून भाषा विचारांना जखडते असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. पण रोज ज्या तपशिलाचा शब्दांत उल्लेख करावा लागतो, त्याच्याकडे नजर जरा जास्त वळते, एवढं म्हणायला हरकत नाही. साक्षीदाराच्या जबानीचा विचार केला तर हा फरक लहान नाही.

एका तोतयापासून सावध राहायला हवं. ‘से लो दी’, मी ते त्याला दिलं, यातला ‘से’ आत्मवाचक नाही. त्याला, तिला, त्यांना यासाठी असलेला ‘ले’ पुढे ‘लो’ आला की ‘से’ होतो. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये इथे ‘गे लो’ लिहीत, आणि त्यातल्या ‘गे’चा उच्चार ‘झे’च्या जवळचा होता. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास स्पॅनिशमधले असे घर्षक, म्हणजे हवा घासून निघणारे, उच्चार एकमेकांत मिसळले, आणि हा ‘गे’ ‘से’च्या कपड्यांत वावरू लागला.

शेवटी एक असा ‘से’ आहे ज्याला पाठ्यपुस्तकं फार कमी जागा देतात. ‘कोमी ला तार्ता’ म्हणजे मी केक खाल्ला; ‘मे कोमी ला तार्ता’ म्हणजे मी तो केक खाऊन टाकला, काही उरलं नाही. म्हणूनच मोजमाप नसलेल्या गोष्टीला हा ‘से’ लागत नाही. ‘बेबो आग्वा’, मी पाणी पितो, एवढंच चालतं. पण ग्लासातलं ठरावीक पाणी संपवलं तर ‘मे बेबी एल आग्वा’, पिऊन टाकलं. आपण हे काम टाकणे, जाणे, घेणे अशी जोड क्रियापदं लावून करतो, ते एका अक्षराचं सर्वनाम पुढे ठेवून करतात. ‘दोर्मीर’ झोपणं, ‘दोर्मीर्से’ झोप लागणं, तो डोळा मिटण्याचा क्षण. ‘वोय’ म्हणजे जातो, आणि त्याला कुठे ते सांगावं लागतं: ‘वोय आ माद्रिद’. ‘मे वोय’ म्हणजे निघालो. त्यात ‘इथून’ आधीच आलेलं असतं, म्हणून पुढे ठिकाण नाही सांगितलं तरी चालतं.