फुलाचा अर्थ रंग लागण्यापूर्वी विचारावा : जलरंगातील चित्रे मागवणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे फुलांची चित्रे मागवणारे बहुतेक ग्राहक ‘या फुलाचा अर्थ काय?’ असे विचारतात. प्रश्न योग्यच आहे. अडचण एवढीच की तो बहुधा चित्र निम्मे रंगून झाल्यावर विचारला जातो.

जलरंगात पांढरी पाकळी म्हणजे मुद्दाम राखलेला कोरा कागद असतो आणि बाकीचे पारदर्शक थर फिक्याकडून गडदाकडे चढवत जावे लागतात, त्यामुळे जास्वंदीचा तांबडा रंग एकदा कागदात मुरला की त्या जागी मोगरा आणता येत नाही. वरून पांढरा पोस्टर कलर लावून वेळ मारून नेता येते, परंतु तेवढाच भाग निस्तेज दिसतो, म्हणून आम्ही ते करीत नाही. रंगकाम सुरू झाल्यावर फूल बदलल्यास नवा कागद घेऊन आरंभापासून काम करावे लागते आणि जादा आकार त्याचाच असतो.

जास्वंद, कमळ यांबाबत सहसा घोळ होत नाही. केवड्याबाबत होतो : ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिल्याच्या कथेमुळे केतकी शंकराला वर्ज्य मानली जाते, तेव्हा शिवपूजा होणाऱ्या देवघराशेजारी हे चित्र लावायचे असल्यास घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारावे. पारिजातक लग्नाच्या वाढदिवसासाठी फार मागितला जातो. मात्र झाड सत्यभामेच्या अंगणात आणि सडा रुक्मिणीच्या दारी, ही कथा लक्षात घेऊन पतिपत्नींनी मिळून ठरवलेले बरे. परदेशी स्नेह्यांना भेट द्यायची असल्यास अधिक जपावे. आपल्याकडे वेणीत माळली जाणारी शेवंती इटली व फ्रान्समध्ये कबरींवर वाहतात, तर दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोत मृतांच्या स्मरणदिनाचे फूल आहे.

म्हणून मागणी नोंदवतानाच चित्र कोणासाठी, कोणत्या प्रसंगासाठी आणि कोणत्या भिंतीसाठी आहे हे सांगावे. आम्ही प्रथम पेन्सिलचे रेखाटन आणि रंगांचे नमुने दाखवतो. त्या टप्प्यावर केलेल्या बदलांचा आकार घेतला जात नाही. निवड होतच नसेल, तर ताम्हणाचा विचार करावा : महाराष्ट्राचे राज्यपुष्प असल्याने ते निवृत्तीच्या निरोपसमारंभातही शोभते, आणि त्याची काही तयार चित्रे दुकानात पाहता येतील.