सिम्युलेशन रखडतंय म्हणून अजून व्हीएम मागताय? आधी हे वाचा

"अजून चार व्हीएम द्या" असा फोन आला की आम्ही व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं उभं केलेलं मशीन) पुरवणारे आधी विचारतो, आहेत त्यातली किती नुसती बसून आहेत? बहुतेक वेळा ते कुणी बघितलेलंच नसतं.

समजा सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या गर्दीचं सिम्युलेशन करायचंय. शहराचे आठ सारखे तुकडे पाडून आठ मशीनवर टाकले, वाटणी दिसायला एकदम समान, पण माणसं सगळी होम मैदानाकडं, त्यामुळं तो तुकडा ज्याच्यावर आहे ते मशीन तापलंय आणि जुळे सोलापूरवालं निवांत. निवांत का, तर प्रत्येक स्टेपला (सिम्युलेशनमधल्या वेळेच्या एकेका पावलाला) सगळ्यांनी एकमेकांसाठी थांबायचं असतं, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पुढची काठी थांबली की मागच्या थांबतात ना, तसंच. म्हणून तुकडे जागा बघून नाही, माणसं मोजून पाडायचे, आणि गर्दी सरकेल तसे मधूनमधून परत पाडायचे. दर स्टेपला नको हां, सगळा वेळ हलवाहलवीतच जाईल.

वाटणी नीट असून पण एकच मशीन मागं पडत असेल तर लिनक्सवर टॉप ही कमांड लावा आणि एसटीचा आकडा बघा (आपली लालपरी नव्हे, स्टील टाइम). म्हणजे तुमच्या व्हीएमला सीपीयू पाहिजे होता तेव्हा होस्टनं (ज्या खऱ्या मशीनवर ते चालतं त्यानं) तो दुसऱ्याच कामाला लावला, तो वेळ. हा सारखा चढलेला दिसला तर तुमच्या कोडला दोष देऊ नका, होस्टवर गर्दी झालीय, ते आम्ही बघायचं. चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेता येतं, पण 64 जीबी मेमरी 1 गिगाबिटच्या लाइनवरून न्यायला नऊएक मिनिटं तरी लागतात, आणि सिम्युलेशन मेमरी सारखी बदलत असतं त्यामुळं तेच तेच परत कॉपी करावं लागतं, मग अजून वेळ. म्हणून हे रन सुरू करायच्या आधीच ठरवलेलं बरं.

आणि जीन ॲमडाल या संगणक अभियंत्याचा 1967 सालचा हिशोब: कामातलं 5 टक्के जरी एकामागून एकच होणारं असेल तर 32 मशीन लावून वेग साधारण साडेबारापट, आणि कितीही लावली तरी 20 पटीच्या वर नाहीच. हे सांगून आमचाच धंदा कमी होतो, पण बिल बघून तुम्ही चिडण्यापेक्षा परवडलं.

आमच्याकडं येताना दहा मिनिटांच्या रनमध्ये प्रत्येक मशीनला एका स्टेपला किती वेळ लागला आणि एसटी किती होता तेवढं टिपून आणा. एमपीआय (मशीननी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत) वापरत असाल तर नुसता सीपीयूचा आकडा आणू नका, थांबलेलं मशीन पण बऱ्याचदा 100 टक्के दाखवतं, कारण ते निरोपाची वाट बघत जागच्या जागी गरगरत असतं.