सेंट पॅट्रिक्स डे, आयरिश चेन आणि हिरव्या रंगाची भानगड

मार्च आला की नेटवर सेंट पॅट्रिक्स डे (आयर्लंडच्या संताचा सण, १७ मार्च) पार्टीच्या आयडिया आणि "व्हिंटेज आयरिश" क्विल्टचे, म्हणजे तिकडच्या गोधडीचे पॅटर्न यांचा नुसता पूर येतो, हिरव्या पताका, हिरवा केक, भिंतीवर हिरवी-पांढरी आयरिश चेन. बघणाऱ्याला वाटतं सगळं थेट आयर्लंडहून आलंय. खरं तर यातलं बरंचसं अमेरिकेत घडलंय.

आयरिश चेन या क्विल्टच्या पॅटर्नचंच घ्या ना. तिचे जुने नमुने अमेरिकेतले, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. सिंगल चेन एकदम सोपी, नऊ चौकोनांचा ब्लॉक आणि शेजारी कोरा ब्लॉक, आलटून पालटून, की रंगीत चौकोनांची तिरकी साखळी आपोआप पळायला लागते. डबलमध्ये गंमत आहे. एक ब्लॉक पंचवीस तुकड्यांचा, आणि दुसऱ्या कोऱ्या ब्लॉकच्या चारही कोपऱ्यांत एकेक छोटा चौकोन हवाच, नाहीतर साखळी तुटते. जुन्या बायका बऱ्याचदा हा कोपरा जोडत बसायच्या नाहीत, वरून ठिगळासारखा लावून हातटाक्यांनी शिवून मोकळ्या व्हायच्या, जुना पीस हातात आला तर आधी तिथंच बघा. आणि मधली कोरी जागा म्हणजे हौस दाखवायची जागा, पिसांच्या माळेसारखी बारीक टीप तिथंच घातलेली असते.

मग आयर्लंडमध्ये काय होतं? क्विल्ट होतेच की, विशेषतः उत्तरेला अल्स्टरमध्ये, पण तिथली रंगांची जोडी लाल-पांढरी. डेरी शहरातल्या शर्ट कारखान्यांतल्या कातरणी, खाली पिठाच्या पोत्यांचं कापड, वर लाटांसारखी टीप, थोडक्यात गोधडीचाच हिशोब. तो लाल म्हणजे टर्की रेड, मुळात मॅडर नावाच्या झाडाच्या मुळांपासून केलेला, धुतला तरी न उतरणारा. स्कॉटलंडच्या व्हेल ऑफ लेव्हनमधून हेच टर्की रेड कापड मुंबईच्या बाजारातही यायचं, हे फार कुणाला माहीत नसतं.

हिरव्याचं म्हणाल तर सेंट पॅट्रिकशी आधी निळा जोडलेला होता. हिरवा जोरात आला तो १७९० च्या दशकात, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या युनायटेड आयरिशमेन या संघटनेमुळे, म्हणजे तो मुळात राजकारणाचा रंग. न्यूयॉर्कची परेड १७६२ पासूनची, आयर्लंडमध्ये सुट्टी मात्र १९०३ साली मिळाली. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि परक्या गावात "आम्ही पण आहोत" हे दाखवायला हा दिवस मोठा होत गेला.

पार्टीचं ताटही अमेरिकेतलंच. आयर्लंडमध्ये घरी डुकराचं बेकन आणि कोबी खायचे, न्यूयॉर्कमध्ये ज्यू खाटकांकडे कॉर्न्ड बीफ (खारवलेलं बीफ) स्वस्तात मिळालं म्हणून ते आलं. हिरवा क्रेप पेपर, कागदी टोप्या, शॅमरॉकची (तीन पानी पाल्याची) कटिंगं हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं अमेरिकन पार्टी-सामान, आणि शिकागोची नदी हिरवी झाली ती १९६२ साली, तीही प्लंबर लोकांच्या युनियनने, सांडपाण्याची गळती शोधायच्या रंगातून सुचलेली आयडिया.

त्यामुळे व्हिंटेज थीमच करायची असेल तर माझं मत, हिरव्या टेबलावर लाल-पांढरी चेन बिनधास्त लावा, उलट तीच जास्त आयरिश. फक्त जुनी क्विल्ट जेवणाच्या टेबलावर नको, भिंतीवर टांगा, बीफच्या रश्श्याचा डाग निघत नाही.